लोकसेवेचे दार आणि भाषेची अट

शासनाच्या नोकरवर्गात समाजाच्या सर्व थरांना वाटा असावा की नसावा, हा वाद आता तत्त्वाचा राहिलेला नाही. राज्यघटनेच्या १६व्या कलमाने तो १९५० सालीच निकालात काढला. सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्व नागरिकांना समान संधी राहील, असे या कलमाचे पहिले उपकलम सांगते. आणि ज्या मागासलेल्या वर्गांना नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व मिळालेले नाही, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवण्यास शासनाला मोकळीक राहील, असे चौथे उपकलम सांगते. त्यानंतर जे वाद झाले ते मुख्यतः मोजमापाचे होत. वाटा कोणाचा, किती, आणि तो कोणत्या मापाने मोजावयाचा? १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागांना सर्वसाधारणपणे पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली. १९९५ साली त्याच न्यायालयाने हिशेब रिक्त जागांचा नव्हे तर एकूण पदांचा ठेवावा असे ठरविले. महाराष्ट्रातील कोणत्याही कार्यालयाच्या आस्थापना शाखेत ‘बिंदुनामावली’ हा शब्द आज ज्या सहजतेने उच्चारला जातो, त्यामागे या मोजमापाचा सारा इतिहास उभा आहे.

या बिंदुनामावलीत जातीला बिंदू आहे आणि जमातीला आहे. तिच्या जोडीने स्त्रियांचा व दिव्यांगांचा हिस्साही ठरलेला आहे. भाषेला मात्र तेथे स्थान नाही. हे अनवधानाने घडले असे मानण्याचे कारण नाही. १६व्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात ज्या कारणांवरून नागरिकाला सरकारी नोकरीत अपात्र ठरविता येणार नाही ती कारणे मोजून सांगितली आहेत: धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवासस्थान. या यादीत भाषा नाही. शिक्षणसंस्थांतील प्रवेशाविषयीच्या २९व्या कलमात मात्र धर्म, वंश व जात यांच्याबरोबर भाषेचा स्पष्ट उल्लेख आहे. एकाच घटनेच्या दोन कलमांतील हा फरक बोलका आहे. शाळेत शिरताना ज्या कारणाने कोणालाही अडविता येत नाही, त्याच कारणाने कचेरीच्या दारात अडविता येते.

याचे समर्थन अर्थातच आहे. कचेरीचे काम कोणत्या तरी एका भाषेत चालणार. ती भाषा ज्याला येत नाही त्याच्या हातून ते होणार नाही. भाषा ही जातीसारखी जन्माने चिकटलेली बाब नसून शिकता येण्याजोगे कौशल्य आहे, ही समजूतही त्यामागे आहे. परंतु शिकता येण्याजोगी गोष्ट शिकण्याची सोय कोणाला, कोठे आणि कोणाच्या खर्चाने मिळते, हा प्रश्न या समजुतीत दडून राहतो. वस्तुतः लोकसेवेच्या संदर्भात भाषेची अट असावी की नसावी, असा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. अट राहणारच. विचारावयाचा प्रश्न हा की, ती नेमणुकीच्या आधी पुरी करावयाची की नेमणुकीनंतर? आधी घातलेली अट माणसे गाळते. नंतर घातलेली अट माणसे घडविते. एकोणिसाव्या शतकापासूनचा इतिहास पाहिला तर या दोन्ही प्रकारच्या अटी एकाच वेळी, एकाच नोकरशाहीत, पण निरनिराळ्या लोकांना लावल्या गेल्याचे दिसून येते.

कंपनी सरकारने १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले ते कशासाठी? इंग्लंडहून येणाऱ्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी. मराठीचे अध्यापन तेथे विल्यम केरीकडे होते. १८०५ साली प्रसिद्ध झालेले त्याचे मराठी व्याकरण आणि १८१० सालचा कोश ही या अध्यापनाचीच फळे होत. मराठी भाषेच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ या पुस्तकांपासून सांगण्याची प्रथा आहे. परंतु ती पुस्तके मुळात कोणाच्या सोयीसाठी लिहिली गेली, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ज्याची नेमणूक आधीच झालेली आहे, ज्याचा पगार सुरू आहे, अशा परक्या नोकराला रयतेची भाषा सरकारी खर्चाने शिकविण्याचा तो उद्योग होता. पुढेही देशी भाषांच्या परीक्षा या अधिकाऱ्याला नोकरीत आल्यावर द्याव्या लागत, आणि विशेष प्रावीण्य दाखविणाऱ्यास रोख बक्षीस मिळे. मराठी येत नाही म्हणून कोणा इंग्रज उमेदवाराला साहेबाच्या खुर्चीपासून दूर ठेवण्यात आले नाही.

एतद्देशीय उमेदवाराच्या वाट्याला आलेला न्याय निराळा होता. १८३३ च्या सनदी कायद्याने धर्म, जन्मस्थान, कूळ वा वर्ण एवढ्याच कारणावरून कोणालाही कंपनीच्या नोकरीस अपात्र मानले जाणार नाही, अशी ग्वाही दिली. ही यादी आणि १६व्या कलमातील यादी यांची ठेवण सारखी आहे. भाषा दोहींतही नाही. बावीस वर्षांनी, १८५५ साली, लंडन येथे पहिली स्पर्धा-परीक्षा झाली. मेकॉलेच्या समितीने सुचविलेल्या गुणपत्रकात ग्रीकला ७५० गुण होते, लॅटिनला ७५० होते. संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. ज्या देशाचा कारभार करावयाचा त्या देशाच्या अभिजात भाषांना युरोपच्या अभिजात भाषांच्या बरोबर निम्मी किंमत! मराठी, बंगाली, तमिळ यांना तर या पत्रकात जागाच नव्हती. त्या नंतर शिकावयाच्या भाषा होत्या. १८६३ साली सत्येंद्रनाथ ठाकूर हे या परीक्षेत यशस्वी झालेले पहिले भारतीय ठरले, आणि त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. परीक्षा भारतातही घेतली जावी ही मागणी मान्य होऊन प्रत्यक्षात येण्यास १९२२ साल उजाडावे लागले. समुद्रप्रवास, वयाची मर्यादा, खर्च या अडचणींची चर्चा राष्ट्रीय चळवळीने पुष्कळ केली. गुणपत्रकातील भाषेच्या अडचणीची चर्चा मात्र तुलनेने कमी झाली. कारण ती चर्चा करणारे नेते स्वतः इंग्रजीचे दार ओलांडून आलेले होते.

खालच्या कचेऱ्यांत निराळे दार होते, आणि ते बरेच जुने होते. गावचे दप्तर मोडी लिपीत चाले. मोडी वाचणे, लिहिणे, जमाखर्च मांडणे हे कौशल्य कुलकर्णी वतनाच्या घराण्यांतून बापाकडून मुलाकडे जाई. भाषा सर्वांची मराठीच. पण तिचे कागदावरील रूप थोड्या घरांच्या ताब्यात होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात बालबोधीबरोबर मोडीचे वाचन-लेखन आणि हिशेब यांचा आग्रह धरला, त्याचे मर्म येथे आहे. केवळ अक्षरओळख एवढाच हेतू असता तर बालबोध पुरेशी होती. शेतकऱ्याच्या मुलाला कचेरीतला कागद वाचता आला पाहिजे, आणि जमल्यास तो लिहिताही आला पाहिजे, हा त्या मागणीचा अर्थ होतो.

कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी काढलेली आज्ञा सर्वश्रुत आहे. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या, असे तिने ठरविले. या आज्ञेचा उल्लेख ज्या प्रमाणात होतो त्या प्रमाणात तिच्या तपशिलाकडे लक्ष दिले जात नाही. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, याची व्याख्या तीत आहे. ज्या कचेरीत प्रमाण पन्नास टक्क्यांहून कमी असेल तेथे पुढली नेमणूक कोणाची व्हावी, याचा नियम आहे. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस नेमणुकांचे पत्रक सादर करावे, असा हुकूमही आहे. बिंदुनामावलीची ही पूर्वजच म्हणावयाची. १८९४ साली, महाराजांच्या राज्यारोहणाच्या वर्षी, संस्थानातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदे एकाच ज्ञातीकडे होती असे सांगितले जाते. अशा परिस्थितीत पत्रकाची ही सक्ती किती आवश्यक होती हे उघड आहे.

परंतु कोल्हापूरचे खरे शहाणपण जितके आज्ञेत आहे तितकेच तिच्या भोवतीच्या व्यवस्थेत आहे. १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. १९१८ साली कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमण्याचे धोरण आले, आणि या नव्या तलाठ्यांना दप्तराचे काम शिकविण्याची सोय करण्यात आली. म्हणजे जे कौशल्य पूर्वी घराण्यात मिळे ते आता संस्थानच्या खर्चाने मिळू लागले. दार उघडणे आणि आत आलेल्यास दप्तर वाचावयास शिकविणे, या दोन कृती तेथे एकत्र होत्या. फोर्ट विल्यममध्ये राज्यकर्त्यांच्या मुलांसाठी जे केले गेले, ते कोल्हापुरात रयतेच्या मुलांसाठी झाले.

स्वातंत्र्यानंतर हा धागा अगदीच तुटला असे नाही. भाषावार राज्यरचना झाली तेव्हा प्रत्येक नव्या राज्यात दुसऱ्या भाषेचे लोक उरलेच. त्यांच्या रक्षणासाठी १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-ब हे कलम घालून भाषिक अल्पसंख्यांकांसाठी विशेष अधिकाऱ्याची योजना केली. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत एक महत्त्वाचे सूत्र मान्य झाले. राज्याच्या नोकरीत प्रवेश करण्यासाठी राज्यभाषेचे ज्ञान ही पूर्वअट असू नये. निवड झाल्यानंतर, परिवीक्षेचा काळ संपण्यापूर्वी, उमेदवाराची त्या भाषेत परीक्षा घ्यावी. प्रस्तुत विषयावर याहून नेमके धोरण एका वाक्यात क्वचितच मांडले गेले असेल. महाराष्ट्रात अमराठी अधिकाऱ्यांसाठी व कर्मचाऱ्यांसाठी एतदर्थ मंडळाची मराठी भाषा परीक्षा आहे, ती याच पद्धतीची. तथापि राज्याराज्यांतील भरतीच्या जाहिराती पाहिल्या तर हे सूत्र जितके मान्य झाले तितके पाळले गेले नाही, असेच म्हणावे लागते. सीमाभागातील मराठी भाषकाला कर्नाटकात आणि कन्नड भाषकाला महाराष्ट्रात याचा अनुभव सारखाच येतो. गाऱ्हाणे मात्र प्रत्येक बाजू फक्त आपले सांगते.

केंद्रीय सेवांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. संसदेने संमत केलेल्या आणि जानेवारी १९६८ मध्ये प्रसृत झालेल्या राजभाषाविषयक ठरावात, उच्च केंद्रीय सेवांच्या परीक्षांसाठी इंग्रजीबरोबर आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांना पर्यायी माध्यम म्हणून मान्यता देण्याचे तत्त्व आले. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७६ साली अहवाल दिला, आणि १९७९ पासून नागरी सेवा परीक्षेची नवी रचना अमलात आली. मराठीतून उत्तरे लिहून जिल्हाधिकारी होता येते, ही गोष्ट त्या वर्षापासून शक्य झाली. या बदलाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु दार उघडले ते कोठवर? पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत निघते. मुख्य परीक्षेतही, साहित्याचे विषय सोडल्यास, प्रश्न याच दोन भाषांत असतात. उमेदवार प्रश्न इंग्रजीत अथवा हिंदीत वाचतो आणि उत्तर मराठीत लिहितो. वाचनाची भाषा एक, लेखनाची दुसरी, आणि वेळ सर्वांना तेवढाच. २०११ साली पूर्वपरीक्षेत अभियोग्यतेची नवी प्रश्नपत्रिका आली. तीत दहावीच्या पातळीच्या इंग्रजी उताऱ्यांचे आकलन होते आणि त्याचे गुण गुणवत्तेत धरले जात. पातळी दहावीची असली तरी स्पर्धा देशाची होती. २०१४ साली मोठे आंदोलन झाले, त्या वर्षी इंग्रजी उताऱ्यांचे गुण वगळण्यात आले, आणि २०१५ पासून ती प्रश्नपत्रिका ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरती उरली. मधल्या काळात, मार्च २०१३ मध्ये, प्रादेशिक भाषेच्या माध्यमावर निर्बंध घालणारे नियम प्रसिद्ध झाले होते. संसदेतील विरोधानंतर ते मागे घ्यावे लागले. चार वर्षांतील या घडामोडींवरून एवढे दिसते की, राखीव जागांची टक्केवारी बदलावयाची तर मोठा वाद होतो आणि प्रकरण न्यायालयापर्यंत जाते. पण एका प्रश्नपत्रिकेची भाषा बदलून उमेदवारांच्या समूहाचे सामाजिक रूप पालटणे हे एका अधिसूचनेचे काम आहे.

याच नियमावलीत भाषेबाबत उदारपणाही आहे, आणि तोही नोंदविला पाहिजे. मुख्य परीक्षेत भारतीय भाषेची एक सक्तीची पात्रता-प्रश्नपत्रिका असते. अरुणाचल प्रदेश, मणिपूर, मेघालय, मिझोराम, नागालँड आणि सिक्कीम या राज्यांतील उमेदवारांना तिच्यातून सूट आहे. श्रवणदोष असलेल्या ज्या उमेदवारांना त्यांच्या शिक्षण मंडळाने दुसऱ्या वा तिसऱ्या भाषेतून मोकळे केले होते, त्यांनाही आहे. ज्याची भाषा अनुसूचीत नाही, किंवा ज्याची भाषा कानांनी ऐकण्याचीच नाही, त्याला समान अट लावणे म्हणजे समान वागविणे नव्हे, हे तत्त्व येथे मान्य झाले आहे. प्रश्न एवढाच की, ते इतक्यावरच का थांबावे?

आता माध्यम मराठी मिळाले असे धरून चालू. मग कोणती मराठी? महाराष्ट्र शासनाने १९६० साली भाषा संचालनालय स्थापन केले. १९६२ साली पदनाम कोश निघाला. १९६४ सालच्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराचे स्थान दिले. या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि त्यातून घडलेली कचेरीची मराठी ही संस्कृतातून बेतलेली आहे. गावकरी ज्याला ‘परवाना’ म्हणतो त्याला कागदावर ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात. उलट महसुलाच्या दप्तरात ‘फेरफार’, ‘खातेदार’, ‘पोटहिस्सा’, ‘दस्तऐवज’ हे जुने शब्द टिकून आहेत, आणि शेतकऱ्याच्या घरातील मुलाला ते शाळेत जाण्यापूर्वीच माहीत असतात. शासनव्यवहाराची भाषा अशी दोन थरांची झाली आहे. एक थर गावाला कळतो, दुसरा फक्त शिकलेल्यांना. परीक्षेत गुण मिळतात ते बहुधा दुसऱ्या थराच्या ज्ञानाला. तोंडी परीक्षेत आणखी एक चाळण लागते. णकाराचा उच्चार नकारासारखा करणारा उमेदवार व्याकरणात अशुद्ध, आणि अशुद्ध म्हणून अडाणी, असा ग्रह चांगल्या चांगल्या परीक्षकांचा असतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो उच्चार एका नियमबद्ध बोलीचा भाग आहे. मुलाखतीच्या गुणांत तो कोठे वजा होतो हे कोणत्याही पत्रकात दिसत नाही, आणि म्हणूनच त्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

बधिरांच्या बाबतीत गैरसमज याहून खोल आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय पदांत चार टक्के आरक्षण दिले. त्यातील एक टक्का बधिर व ऐकण्यास कमी येणाऱ्यांसाठी आहे. जन्मतः बधिर असलेल्या व्यक्तीची पहिली भाषा अनेकदा सांकेतिक भाषा असते. तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि ते मराठीचे व्याकरण नव्हे. अशा उमेदवाराची लेखी मराठी ही त्याची शिकलेली दुसरी भाषा होय. तिच्यातील विभक्तीच्या चुका पाहून त्याच्या बुद्धीचे माप काढणे, हे फ्रेंच माणसाच्या मराठीवरून त्याच्या गणिताचे माप काढण्यासारखे आहे.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. घटनेचे ३३५वे कलम प्रशासनाची कार्यक्षमता राखण्यास सांगते. भाषा न येणारा नोकर परिवीक्षेच्या काळात काम कसे करणार? खिडकीपाशी उभ्या असलेल्या म्हातारीने त्याचे भाषाशिक्षण पुरे होईपर्यंत थांबावयाचे काय? लघुलेखक, टंकलेखक, अनुवादक या पदांसाठी भाषेची पूर्वअट अटळ आहे. तेथे भाषा हेच काम आहे. परंतु अभियंता, वैद्यकीय अधिकारी, लेखापाल यांच्या बाबतीत काम वेगळे आणि भाषा हे त्याचे साधन आहे. साधन काही महिन्यांत पुरविता येते. शिवाय कार्यक्षमतेचा हिशेब नेहमी एकाच बाजूने मांडला जातो. कचेरीची भाषा नोकराला येत नसेल तर ती अकार्यक्षमता ठरते. लोकांची भाषा नोकराला येत नसेल तर तिला कोणतेच नाव दिले जात नाही.

हे आदिवासी भागात सर्वांत ठळकपणे दिसते. २०११ च्या जनगणनेत देशात भिली भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक, गोंडी भाषकांची सुमारे तीस लाख आणि कोरकू भाषकांची सात लाखांहून अधिक होती. यांपैकी एकही भाषा आठव्या अनुसूचीत नाही, आणि म्हणून एकही परीक्षेचे माध्यम नाही. बोडो व संथाळी यांना २००३ साली ते स्थान मिळाले. संस्कृत आपली मातृभाषा म्हणून सांगणारे त्याच जनगणनेत पंचवीस हजारांच्या आत होते, आणि संस्कृत अनुसूचीत प्रारंभापासून आहे. यात संस्कृतचा अनादर नाही, अनुसूची कोणत्या मापाने तयार झाली नाही एवढेच त्यातून कळते. गोंडी ही द्राविडी कुळातील, कोरकू मुंडा कुळातील. मराठीशी त्यांचे जन्माचे नाते नाही. मेळघाटातील कोरकू मुलगा शाळेत मराठी शिकतो, पुढे इंग्रजी, आणि केंद्रीय परीक्षेसाठी हिंदीही. म्हणजे पुण्यातील मुलापेक्षा निदान एक भाषा अधिक. ही अधिकची भाषा गुणपत्रकात उणी धरली जात नाही, हे खरे. पण अधिकही धरली जात नाही.

राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून ९ जून २०१४ रोजी काढलेल्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रांतील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक इत्यादी पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांतून भरण्याचे ठरविले. आंध्र प्रदेशातील अशाच शंभर टक्के आरक्षणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रद्द केला, तेव्हापासून अशा तरतुदींच्या वैधतेविषयी प्रश्न उभा आहे. तो न्यायशास्त्राचा प्रश्न आहे. भाषेच्या दृष्टीने पाहता ध्यानात येते ते एवढेच की, अशा आदेशांची कसोटी जमात आणि वास्तव्य ही असते. तलाठी पदाच्या परीक्षेत दोनशे गुण असतात: मराठी पन्नास, इंग्रजी पन्नास, सामान्य ज्ञान पन्नास, बौद्धिक चाचणी पन्नास. धारणीच्या किंवा चिखलदऱ्याच्या तलाठी कचेरीत आपल्या जमिनीचा फेरफार का झाला नाही हे विचारावयास येणारी बाई कोरकूत विचारते. त्या दोनशे गुणांत कोरकूला एकही गुण नाही.